मोकळ्या दरजांचे अंगण

एकदा एक वृद्ध पाथरवट हिमशिखरांच्या पायथ्याशी वसलेल्या गावात राहत होता. त्या गावात हिवाळा पाहुण्यासारखा येत नसे. घरजावयासारखा येई आणि महिनोन्महिने ठाण मांडून बसे. दुपारी जेमतेम ऊन पडे. तेवढ्या वेळात सारे गाव अंगणात उतरे, बायका लोकर कातत, म्हातारे भांडत, आणि ऊन गेले की सगळे पुन्हा चुलीपाशी.

वृद्धाकडे मैदानी मुलखातून एक शिष्य विद्या शिकायला आला होता. त्याच्या हाताला गुण होता, नजर तयार होती. आणि हे दोन्ही आपल्यापाशी आहे, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

गावात लोकरीचा एक व्यापारी होता. त्याच्या आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. तरीही ती रोज दुपारी दारापासून अंगणाच्या टोकाच्या अक्रोडाच्या झाडापर्यंत एकटी चालत जाई, कोणाचाही हात न धरता. दिवसभरात तेवढीच वाट तिची स्वतःची उरली होती. बर्फ वितळू लागला की तिथे चिखल होई, म्हणून मुलाने अंगणात दगडी फरसबंदी करायचे ठरवले. वृद्ध तेव्हा दुसऱ्या खोऱ्यात पुलाच्या कामावर गेला होता. शिष्याने काम एकट्याच्या अंगावर घेतले.

त्याने ते आपल्या मुलखात करतात तसेच केले. वीतभर माती उकरली, सपाट केली, तीवर एकेक दगड घडवून बसवला आणि दोन दगडांमधल्या दरजा चुन्याने अशा घट्ट भरल्या की सुईसुद्धा शिरू नये. अंगण आरशासारखे झाले. गाव बघायला आले. शिष्य आठवडाभर जमिनीपासून चार बोटे वर चालत होता.

मग हिवाळा आला आणि गेला. बर्फ उतरल्यावर पाहतात तो काय, निम्मे दगड वर उचललेले, काही तिरपे, काही मधोमध तडकलेले. आणि हे कोणाच्या ध्यानात येण्याआधीच म्हातारी सवयीने बाहेर पडली होती. एका उचललेल्या कडेला तिचा पाय अडखळला आणि ती तोंडावर पडली. गुडघा महिन्याभरात बरा झाला. धीर मात्र गेला तो गेलाच. त्या दिवसापासून तिने उंबरठा ओलांडला नाही.

वाटेतच सारे ऐकून वृद्ध परतला, तेव्हा शिष्य छिन्नी-हातोड्याचे गाठोडे बांधून दाराशी बसला होता.

"निघालास?" वृद्धाने विचारले.

"इथली माती वाईट आहे, बाबा. माझ्या कामात खोट नव्हती."

"नाचता येईना, अंगण वाकडं," वृद्ध हसला. "तुझं तर खरंच वाकडं झालं! चल, बघून येऊ."

व्यापाऱ्याने त्यांना अंगणातच अडवले. "बाबा, तुमचा मान राखून सांगतो. दुसरं काहीही सांगा, ऐकेन, पण हा माणूस माझ्या दगडाला हात लावणार नाही. माझी आई घरात कोंडली गेली ती याच्यामुळं."

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला. "करायचं असेल तर त्यानंच करावं रे. दुसऱ्यानं केलेलं मला नको."

व्यापारी नाइलाजाने बाजूला झाला. शिष्य मान खाली घालून उभा राहिला. आत जाऊन तिच्याशी एक शब्द बोलावा, एवढा धीर काही त्याला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी खोदाई सुरू झाली. वीतभर झाले. "अजून," वृद्ध म्हणाला. हातभर झाले. "अजून." खड्डा गुडघ्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे तो थांबला. पाणी धरून ठेवणारी ती चिकण काळी माती व्यापाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यांत गेली. मग वृद्धाने तडकलेल्या दगडांकडे बोट दाखवले. "फोड यांना. खडी कर."

त्या दगडांच्या कडा शिष्याने स्वतः घासल्या होत्या. पहिला घाव घालण्याआधी त्याने एका कडेवरून बोट फिरवले. मग त्याने फोडले. त्या खडीत नदीकाठची खडी मिसळून खड्ड्यात एक थर पसरायचा, धुम्मसाच्या जड ठोकळ्याने चोपायचा. मग दुसरा थर, पुन्हा चोपायचा. सगळा उन्हाळा या धपाधपीत गेला. गावकरी येता-जाता विचारीत, "काय हो, अंगण घालताय की विहीर बुजवताय?" सगळ्या थरांना घरापासून दूर किंचित उतार दिला, कडेने उभे दगड खोल गाडले, म्हणजे आतले काही बाहेर सरकू नये. वर वाळू, वाळूवर नवे दगड.

दगड बसले तशी शिष्याने चुना कालवायला घेतला. वृद्धाने घमेले उचलून बाजूला ठेवले. "दरजांत वाळू भर."

"वाळू? बाबा, पाणी सरळ आत जाईल!"

"भर."

शिष्याने वाळू भरली, पण त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. थंडी तोंडावर आली. आणि एका संध्याकाळी, रात्री पहिले दव गोठणार हे सारे गाव जाणत असताना, वृद्ध पाण्याची घागर घेऊन आला आणि त्याने ती नव्या अंगणात ओतली. मग दुसरी आणली. मग तिसरी. शेजारी खिडकीतून बघत होते. म्हातारा सटकला, असेच त्यांना वाटले असणार.

शिष्याने धावत जाऊन घागर धरली. "पाण्यानंच माझा घात केला, बाबा! आणि तुम्ही त्यालाच पुन्हा आत घालताय?"

"दगडांकडे बघ," वृद्ध शांतपणे म्हणाला.

शिष्याने वाकून पाहिले. थोडे पाणी उताराने कडेकडे ओघळत होते, बाकीचे दरजांतून खाली उतरत होते. बघता बघता दगडांवर नुसती ओल राहिली. त्याने दरजेवर बोट ठेवले. पाणी कुठेच साचले नव्हते.

वृद्ध अंगणाच्या कडेला बसला. "अरे, पाण्यानं तुझा घात केला नाही. अडलेल्या पाण्यानं केला. तू वरून दार घट्ट लावलंस, पण पाहुणा आधीच घरात होता, त्या चिकण मातीत. थंडीत अडलेलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि फुगलं की डोक्यावर काय आहे ते बघत नाही. तुमच्या मुलखात पाणी गोठत नाही, तिथं चुना शोभतो. इथं पाण्याला 'येऊ नकोस' म्हणता येत नाही, 'इकडून जा' एवढंच म्हणता येतं. म्हणून खाली एवढी खडी."

शिष्य त्याच्या शेजारी बसला. वृद्ध पुढे म्हणाला, "आणि एक सांगू? ती बाई पडली तेव्हापासून तू तिच्या दारात उभा राहिला नाहीस. तिथंही तू चुनाच भरून ठेवलायस. आत अडलेलं गोठलं, तर तो हिवाळा तुला झेपायचा नाही."

शिष्य उठला. हात पुसले आणि व्यापाऱ्याच्या घरात गेला. म्हातारी चुलीपाशी बसली होती.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही माझ्यामुळं पडलात. माती वाईट नव्हती. मला येत नव्हतं." एवढे बोलला आणि मग त्याने रडू आवरले नाही.

म्हातारीने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मला ठाऊक आहे रे. तू कधी येतोस तेवढंच बघत होते. ये, शेकत बस."

त्या वर्षी बर्फ नेहमीपेक्षा जास्त पडला. शिष्य तिथेच राहिला. काम संपताच गाठोडे मात्र त्याने पुन्हा बांधून दाराशी ठेवले होते. बर्फ वितळू लागला त्या दिवशी तो पहाटेच अंगणात पोचला. दगड जिथल्या तिथे होते, फक्त कोपऱ्यातला एक किंचित खचला होता. मग त्याने पहार घेतली, दगड अलगद उचलला, खाली दोन मुठी वाळू पसरली आणि तो पुन्हा बसवला. चुना असता तर दगडच फोडावा लागला असता. हे ध्यानात आल्यावर त्याला एकट्यालाच हसू आले.

दुपारी ऊन पडले. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. मुलाने पुढे केलेला हात तिने बाजूला सारला, पायांतले लोकरीचे मोजे काढले आणि अनवाणी पाऊल दगडावर ठेवले. दुसरे ठेवले. अंगणाच्या मध्यावर ती अचानक थांबली. व्यापारी धावायला निघाला. वृद्धाने त्याचा दंड धरला.

म्हातारी तळवा पुढे-मागे फिरवून दरज चाचपत होती. "गेल्या वेळी सगळं गुळगुळीत होतं," ती मोठ्याने म्हणाली. "आपण कुठवर आलो ते कळायचंच नाही. आता प्रत्येक दगड संपला की पायाला कळतं." आणि ती पुढे चालू लागली, अक्रोडाच्या झाडापर्यंत गेली, खोडाला हात लावून उन्हात बसली. "अरे मैदानातल्या," तिने हाक मारली, "माझी लोकर आण आतून. आणि जरा बस. कामं काय, होतच असतात."

त्या संध्याकाळी शिष्याने दाराशी बांधून ठेवलेले गाठोडे सोडले आणि छिन्नी-हातोडा खुंटीला अडकवला. वृद्धाने ते पाहिले. चुलीपाशी थोडा सरकला आणि त्याने शिष्याला जागा करून दिली.

आपल्याही घरात कुठेतरी कोणाच्या तरी मनात पाणी अडलेले असते. चुना कालवायला बसण्याआधी आपण एकदा त्याला जायला वाट आहे का ते पाहावे.