गोचीड जाते कुठं?

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी सगुणा नावाची गवळण राहायची. तिची एकच गाय, ढवळी. ढवळीला झाली पाडी. पण ढवळीच्या कानात, मानेखाली, शेपटीच्या बुडाशी गोचिडीच गोचिडी! टम्म फुगलेल्या, बरं का. सगळं रक्त त्या पिणार, मग दूध कुठून येणार? पाडी ओढून ओढून थकायची नि मान टाकून पडायची. सगुणाचा जीव तुटायचा.

मग ती गेली कडुनिंबाकडे. "निंबबाबा, माझी पाडी जगवा." निंबानं पाला दिला. सगुणानं तो उकळला, गार केला, गाय धुतली. गोचिडी पटापटा गळल्या. पण थोड्या दिवसांनी पुन्हा हजर!

मग गेली सीताफळीकडे. सीताफळी म्हणाली, "पानं ने, वाटून लाव. पण डोळ्यांना लागू देऊ नकोस हं." सगुणानं तसंच केलं. गोचिडी गेल्या. आणि परत आल्या, मेल्या!

मग ओढ्याकाठच्या निरगुडीजवळ जाऊन ती रडायलाच लागली. निरगुडी भारी खट्याळ. म्हणाली, "पाला देईन गं. पण आधी सांग, पोट भरल्यावर गोचीड जाते कुठं?"

सगुणा रडायची थांबली. खरंच की! कुठं जाते? हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग ती गोठ्यात बसून राहिली. चुलीवर भात करपला, तरी उठली नाही. एवढ्यात एक गोचीड टपकन खाली पडली आणि गुणगुणत निघाली, "पोट भरलं, घरी चालले." सगुणा रांगत तिच्या मागे. गोचीड शिरली थेट भिंतीच्या भेगेत. सगुणानं भेगेला डोळा लावला. आत खसखशीसारखी अंडी, ढिगानं!

"अगं बाई! मी आपली गाय धुतेय, आणि ह्यांचा संसार भिंतीत!"

ती तशीच ओढ्याकाठी धावली आणि सगळं सांगितलं. हे ऐकून निरगुडी खुदकन हसली आणि तिनं भारा भरून पाला दिला. सगुणानं तिघांचाही पाला एकत्र उकळला. गार झाल्यावर अर्ध्या पाण्यानं ढवळी धुतली, अर्धं भेगाभेगांत ओतलं. वरून शेणमातीनं भिंत लिंपली.

मग आल्या का गोचिडी? छे! एके सकाळी पाडीनं ढुशी मारली आणि ढवळीनं पान्हा सोडला. पाडीच्या तोंडाला हा एवढा फेस! सगुणा हसलीही नि रडलीही. मग सगळी सुखात राहिली.

चला, झोपा आता. बने, कंदील घेऊन कुठं निघालीस? ठेव तो खाली. आपल्या गोठ्याच्या भेगा उद्या उजाडल्यावर बघू.