पानांचे रंग पाहायला निघालेली कासवीण

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याच्या तळ्यात एक कासवीण राहायची. एकदा पानगळीच्या दिवसांत डोंगरावरची झाडं तांबडीलाल झाली, तसं माकड धावत तळ्याकाठी आलं.

"मावशी, रंग पाहावेत ते डोंगरमाथ्यावरूनच! चला, पाठीवर बसा."

"मला पाय आहेत," असं फणकारून कासवीण स्वतःच चढू लागली.

ती माथ्यावर पोहोचेपर्यंत वाऱ्याने सगळी झाडं बोडकी केली होती. माकड रडकुंडीला आलं. "तरी म्हणत होतो, पाठीवर बसा!"

कासविणीने खाली पाहिलं. उडालेली पानं तळ्यावर पसरली होती आणि सगळं पाणी लालभडक दिसत होतं.

"अगंबाई, माझं घर!" ती हरखून म्हणाली. "बरं झालं सावकाश आले. तुझ्यासारखी धावत आले असते, तर नुसती झाडंच दिसली असती!"