मुळाशी अडकलेला चेंडू

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींना घेऊन गोल्फची स्पर्धा पाहायला गेला. दृष्टांतातले गुरु-शिष्य नदीकाठी किंवा वडाखाली बसलेले असावेत, अशी वाचकांची अपेक्षा असते हे मला ठाऊक आहे. पण माणूस जिथे चुकतो तिथेच त्याला शहाणपण भेटते, आणि हा शिष्य चुकला तो गोल्फच्या मैदानावर. त्याला माझा इलाज नाही.

शिष्य म्हणजे कुणी पोरसवदा बटू नव्हे. पन्नाशीला टेकलेला, एका महाविद्यालयाचा प्राचार्य, तरुणपणी गुरुजींपाशी तर्कशास्त्र शिकलेला. स्वभाव अत्यंत परोपकारी. पंगतीत शेजाऱ्याच्या पानातले मीठ संपले की ते शेजाऱ्याच्या आधी याच्या लक्षात येई, आणि शेजाऱ्याला वैद्याने मीठ वर्ज्य सांगितलेले असले तरी हा वाढून मोकळा होई. लोक त्याला देवमाणूस म्हणत. असे म्हणवून घ्यायची सवय एकदा लागली की सुटणे कठीण जाते.

शार्दूल हा त्याच्या बहिणीचा मुलगा. वडील लवकर गेल्यामुळे तो मामाच्याच घरी वाढला आणि पुढे व्यावसायिक गोल्फपटू झाला. वर्षातली ही शेवटची स्पर्धा होती आणि तिचा हा शेवटचा दिवस. या खेळात वर्षभराच्या कामगिरीवरून वरच्या काही खेळाडूंनाच पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धांमध्ये थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांनी पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत जाऊन उभे राहायचे, आणि त्या रांगेतून पुष्कळजण परत येत नाहीत. शार्दूल नेमका रेषेवर लोंबकळत होता. मामाचा जीव सकाळपासून टांगणीला लागलेला होता, आणि अशा वेळी सोबतीला गुरुजी असावेत म्हणून त्याने त्यांना आग्रहाने आणले होते.

गुरुजींना त्या जगातल्या चालीरीतींची मोठी मौज वाटली. मैदानाच्या दोन्ही अंगांनी दोरी बांधलेली. खेळाडू पुढे चालेल तसे प्रेक्षकांनी दोरीबाहेरून त्याच्यासोबत चालायचे, दिवसभर, उन्हातून. खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की स्वयंसेवक हात वर करून शांततेच्या पाट्या धरत, आणि मग शेकडो माणसे एकदम गप्प होत. आलेला खोकलासुद्धा गिळून टाकत.

"इथे पाप म्हणाल तर एकच, गुरुजी," शेजारून चालणारा एक स्थूल व्यापारी त्यांना आपुलकीने समजावीत होता. त्याच्या छातीवर खास पाहुण्याचा बिल्ला होता. "तो मारायला उभा राहिला की तोंड उघडायचं नाही. परवा भर शांततेत फोन वाजला म्हणून मी माझ्या सख्ख्या जावयाला बाहेर पाठवलं."

"मग तो गेला?" गुरुजींनी विचारले.

"गेला. घरी गेल्यावर मुलीने मला बाहेर पाठवलं, तो भाग निराळा."

आणखी एक रीत त्या व्यापाऱ्याने सांगितली. चेंडू झाडीत हरवला तर तो शोधायला प्रेक्षकही दोरी ओलांडून जातात. शोधायला वेळ मोजका मिळतो. तेवढ्यात सापडला नाही तर खेळाडूला भुर्दंड बसतो. म्हणून सगळे धावतात. मात्र ज्याला चेंडू सापडेल त्याने त्याला स्पर्श करायचा नाही. हात वर करून नुसते सांगायचे.

शेवटच्या टप्प्यावर शार्दूल आला तेव्हा हिशेब अगदी साधा उरला होता. चार फटक्यांत चेंडू झेंड्याखालच्या खड्ड्यात गेला तर पुढचे वर्ष त्याचे. पाच लागले तर पात्रता फेरी. त्याने पहिला फटका मारला, आणि चेंडू उजवीकडे वळून शिरीषाच्या झाडीत शिरला. शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. इतरांबरोबर तोही झाडीकडे धावला, आणि आपल्या माणसाची वस्तू शोधणाऱ्याची नजर अधिक तीक्ष्ण असते म्हणून असेल, चेंडू पहिल्यांदा त्यालाच दिसला.

एका जाड खोडाच्या पाठीमागे, दोन मुळांच्या बेचक्यात तो जाऊन बसला होता. तिथून मारणे म्हणजे बोटे मोडून घेणे. वीतभर अलीकडे मात्र मऊ गवत होते आणि समोर झाडांमधून झेंड्याकडे जाणारी मोकळी वाट. शिष्याने इकडे तिकडे पाहिले. माणसे झुडपांत वाकलेली होती. त्याने बुटाच्या टोकाने चेंडू हळूच गवतावर घेतला. मग हात वर केला आणि म्हणाला, "सापडला. इथे आहे."

गुरुजी काठी टेकीत मागून येत होते. त्यांनी ते पाहिले.

शार्दूल आला. त्याने चेंडू पाहिला, समोरची वाट पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "मामा, नशीब बघ," तो हळूच म्हणाला. मामाने मान डोलावली. शार्दूलने चेंडू मारायचा दांडा, म्हणजे क्लब, निवडला, पाय रोवले. पाट्या वर गेल्या. सारी झाडी चिडीचूप झाली. शार्दूलचे हात मागे जाऊ लागले, तेवढ्यात त्या शांततेत एक म्हातारा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"थांब, बाळा."

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. एक स्वयंसेवक लाल चेहऱ्याने धावत आला. शार्दूलने क्लब खाली घेतला. गुरुजी मात्र शांतपणे म्हणाले, "हा चेंडू इथे नव्हता. त्याला पायाने इकडे सरकवलं आहे."

पंचबाईंना बोलावणे गेले. त्या छोट्या गाडीतून आल्या, सगळे ऐकून घेतले आणि गुरुजींना विचारले, "कुणी सरकवला?"

"एका प्रेक्षकाने."

"कोणत्या?"

"तुमच्या नियमाला त्याचं नाव लागतं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "प्रेक्षकाने हलवला असेल तर खेळाडूला दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवायचा आणि तिथून खेळायचं. पण ती जागा कळायला हवी. नाही कळली तर अंदाजाने ठरवू."

"मी लांब होतो," गुरुजी म्हणाले. "मला पाय हललेला दिसला, जागा काही दिसली नाही. ती एकालाच ठाऊक आहे."

तिथे पुष्कळ माणसे होती आणि जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. शिष्याला कळून चुकले की गुरुजी त्याचे नाव घेणार नाहीत. तो गप्प राहिला असता तर पंचबाईंनी अंदाजाने कुठली तरी जागा ठरवली असती; कदाचित बरी जागाही मिळाली असती. घरी टीव्हीसमोर हात जोडून बसलेली बहीण त्याच्या डोळ्यांपुढे आली. शेवटी तो पुढे झाला, खाली बसला आणि त्याने मुळांच्या बेचक्यात बोट ठेवले.

"मी सरकवला," तो म्हणाला. "इथे होता. अगदी इथे."

शार्दूलने मामाकडे पाहिले. मग मुळाकडे पाहिले. त्याने चेंडू उचलून बेचक्यात ठेवला.

उजव्या हाताने मारायला तिथे जागाच नव्हती. मध्ये खोड येत होते. शार्दूलने दोनदा उभे राहून पाहिले. मग त्याने क्लब उलटा फिरवला आणि डावखुऱ्यासारखा खोडाच्या दुसऱ्या अंगाला उभा राहिला. पाट्या वर गेल्या. आखूडसा झटका बसला आणि चेंडू मुळांमधून उडून, फांद्यांखालून सपाट निघून, मोकळ्या मैदानात जाऊन पडला. लोकांना टाळ्या वाजवायचेही क्षणभर सुचले नाही. तिसऱ्या फटक्याने चेंडू झेंड्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचला. चौथा फटका खड्ड्याच्या दिशेने सुरेख वळत गेला, काठाला लागला आणि तिथेच थांबला.

पाच फटके झाले. शार्दूलचे वर्ष एका फटक्याने गेले.

प्रेक्षकांच्या मंडपामागे काही पायऱ्या होत्या. तिथे सावलीत गुरुजी टेकले आणि शिष्य त्यांच्यापुढे उभा राहिला. आयुष्यात प्रथमच तो त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलला. "वीतभर जागा होती, गुरुजी. वीतभर. त्यापायी पोराचं वर्ष गेलं."

"गेलं," गुरुजी म्हणाले. "मलाही वाईट वाटतंय. पण मला सांग, चेंडू तू कुणासाठी सरकवलास?"

"त्याच्यासाठी. आणखी कुणासाठी?"

"त्याने तर चेंडू मुळाशी अडकलेला पाहिलाही नव्हता. त्याला भीती वाटायच्या आधीच तू तो हलवलास. जे पाहवलं नाही, ते तुला. आग तुझ्या छातीत लागली होती आणि पाणी तू त्याच्या चेंडूवर ओतलंस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

शिष्य गुरुजींच्या शेजारी पायरीवर टेकला.

"मूल रांगतं तेव्हा वाटेतला पाट उचलावा," गुरुजी पुढे म्हणाले, "आणि तू तो उचललास. त्याबद्दल तुला कुणी नावं ठेवणार नाही. पण आता तो जिथे उभा आहे, तिथे त्याच्यापाशी स्वतःचं असं एकच काही आहे. मी मारलेला फटका मी मारला, एवढंच. ते तू काढून घेत होतास आणि त्याला कळूही देत नव्हतास. चोर झाला तरी घरधन्याला निदान चोरी झाल्याचं कळतं, हळहळता येतं. आपण समजतो, प्रेक्षक म्हणजे रिकामटेकडा. अरे, आपल्या माणसाची अडचण डोळ्यांनी पाहायची आणि हातपाय जागच्या जागी ठेवायचे, याहून कष्टाचं काम मला तरी ठाऊक नाही. खेळाडू आत राहावा म्हणून कुणी दोरी बांधत नाही. ती आपल्यासाठी बांधतात."

शिष्याने विचारले, "मग तुम्ही इतका वेळ का थांबलात? तो मारायला उभा राहीपर्यंत?"

"तू बोलशील म्हणून."

"आणि माझं नाव का नाही घेतलंत?"

"ते सांगणं तुझ्या वाट्याचं होतं," गुरुजी म्हणाले. "तेही मीच हलवलं असतं, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय उरला असता?"

तेवढ्यात शार्दूल आला. गुणपत्रकावर सही करून आला होता. तो खालच्या पायरीवर बसला, बूट काढून बाजूला ठेवले आणि टोपी तोंडावर ओढली. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलू लागले.

शिष्याच्या ओठांवर एकदम पुष्कळ गोष्टी आल्या. पुढच्या वर्षी नक्की होईल. अमक्या समितीत माझी ओळख आहे, शब्द टाकतो. आईला मी समजावतो, तू काळजी करू नकोस. यातले एकेक वाक्य तो आयुष्यभर अनेकांना सढळ हाताने वाढत आला होता. त्याने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. तो खाली उतरून शार्दूलच्या शेजारी बसला. दोन्ही हात त्याने आपल्याच गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले आणि तो भाच्याकडे पाहत राहिला. ते रडणे थांबवण्यासाठी त्याने काहीच केले नाही, आणि असे बसणे त्याला फार जड गेले.

गुरुजी उठून चहा कुठे मिळतो ते पाहायला निघून गेले.

शेवटी शार्दूलने टोपी काढली आणि बाहीने तोंड पुसले. "मामा," तो म्हणाला, "तू ते का केलंस, ते मी आज नाही विचारणार. राग गेला की विचारीन."

"विचार."

शार्दूल थोडा वेळ आपल्या तळहातांकडे पाहत बसला. "पण मुळातून काढला तो," तो म्हणाला, "उलट्या हाताने. असा मी सरावातसुद्धा कधी काढला नव्हता. तू पाहिलास ना?"

"पाहिला," मामा म्हणाला. "मी तिथेच होतो. सगळा पाहिला."

शार्दूलने मान हलवली आणि बूट पायांत चढवायला घेतले.