साळूचे ओले पाय

एक होता राजा. पण त्याला राहू दे त्याच्या महालात. या गोष्टीत त्याचं काही काम नाही, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्याकडे तो कधी फिरकलाही नाही.

तर त्या राजाच्या राज्याच्या अगदी टोकाला एक नदी होती. मुकी नदी, बरं का. वाहायची, पण आवाज म्हणून नाही. अल्याड गाव, पल्याड शाळा आणि मधे साकव. साकव म्हणजे लाकडाचा छोटा पूल. पावसाळ्यात तो वाहून जायचा. मग दिवाळी झाली, पाणी उतरलं, की गाव नवा साकव बांधायचं. प्रत्येक घरानं आपल्या बागेतलं पोफळीचं एक खोड आणून टाकायचं. मग यायचा धाकू बुरूड. ओल्या बांबूच्या कामट्या काढायचा आणि खोडाला खोड बांधत बांधत पार पलीकडे जायचा. कामटी वाळली की गाठ अशी आवळायची, की वर हत्ती नाचला तरी हलायची नाही.

आणि गंमत काय, नदी मुकी होती, पण साकव बोलायचा! कुणी पाय ठेवला की विचारायचा, "तुझ्या घराचं माझ्यात काय?" आपण म्हणायचं, "पोफळ." मग तो म्हणायचा, "जा बाळा."

धाकूला बाग नव्हती. बाग नाही म्हणून पोफळ नाही. पोफळ नाही म्हणून साकवावरून जायचं नाही, असं गावानं ठरवून टाकलं होतं. साकव बांधून झाला की धाकू पाण्यात उतरायचा आणि छातीभर पाण्यातून घरी यायचा. त्याचा बाप तसाच यायचा. आजाही तसाच.

धाकूला एक मुलगी होती, साळू. तिला बाहुली नको होती, बांगड्या नको होत्या. तिला शाळेत बसायचं होतं. उभं राहायचं नव्हतं, बसायचं होतं. का, ते सांगते. शाळेची जमीन शेणानं छान सारवलेली असायची. म्हणून पंतोजींचा नियम होता, ओल्या पायांनी आत यायचं नाही. साळू पाण्यातून जायची. परकर ठिबकत राहायचा, पाय काही वाळायचे नाहीत. वाळेपर्यंत शाळा सुटायची. ती आपली अंगणात उभी. गावकराचा, म्हणजे गावच्या मुख्याचा, नातू दारातून ओरडायचा, "आलं, आलं, ओलं मांजर आलं!"

पंतोजी वाईट नव्हते हं. तिला ऐकू जावं म्हणून खिडकी उघडी ठेवायचे. पण तेवढंच.

मग एकदा काय झालं, साळूनं धाकूला विचारलं, "बा, साकवात आपलं काहीच नाही?"

"आपली कुठं गो पोफळ?"

"मग गाठी कुणाच्या?"

धाकू हातातली कामटी उलटसुलट करून बघत राहिला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी साळूनं धुतलेला परकर नेसला, पाटी घेतली आणि साकवावर पाय ठेवला. साकवानं विचारलं, "तुझ्या घराचं माझ्यात काय?"

साळू म्हणाली, "गाठी."

साकव गाठीगाठीतून करकरला. मग म्हणाला, "इतकी वर्षं कुठं होतीस? जा बाळा."

मग साळू गेली. कोरड्या पायांनी गेली आणि पहिल्या रांगेत बसली. तिनं पाटीवर एक अक्षर काढलं. बसून काढलं. शाळा सुटली तरी उठेना. पंतोजी म्हणाले, "अगो, उद्या पण आहे शाळा."

आणि उद्या झालीही, साळू पुन्हा साकवावरून गेलीही. पण तोवर गाव पारावर जमलं. गावकर म्हणाला, "साकव चुकला. गाठ म्हणजे काय पोफळ आहे?"

एकजण म्हणाला, "आज ती साकवावरून गेली, उद्या आपल्या माजघरात येईल."

मग कुणीतरी शक्कल काढली. बुरडाच्या गाठीच सोडून टाकू. साकवात तिच्या घराचं काही उरणारच नाही, मग ती सांगेल काय?

सगळ्यांना हे फार आवडलं. मग भर दुपारी, पोरं शाळेत असताना, त्यांनी धाकूची गाठन् गाठ कापली आणि सुंभानं नव्या गाठी मारल्या. पण त्या माणसांनी जन्मात गुरं सोडून दुसरं काही बांधलं नव्हतं. त्यांना एकच गाठ येत होती, गोठ्यातली. एक टोक ओढलं की सुटणारी. तीच त्यांनी साकवाला मारली, आणि हात झटकून जेवायला गेले.

संध्याकाळी साळूनं साकवावर पाय ठेवला. साकव हळूच म्हणाला, "माझ्यात तुझं आता काही नाही गो पोरी." साळू पाटी डोक्यावर धरून पाण्यात उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं शाळेला निघाली. पहिला आला. "तुझ्या घराचं माझ्यात काय?" "पोफळ." साकव म्हणाला, "पोफळ आहे. पण तिला धरलंय कुणी?" पोरगा हसला आणि पुढं गेला. मग दुसरी आली. साकव तेच म्हणाला, तीही गेली. तिसरा गावकराचा नातू. साकव कळवळून म्हणाला, "अरे, मला कुणी धरलेलं नाही!" नातू म्हणाला, "म्हातारा बडबडतोय," आणि मधोमध जाऊन उड्या मारायला लागला.

गाठी सुटल्या. खोडं सुटली. तिन्ही पोरं धबाक् पाण्यात.

साळू कुठं होती? खाली, पाण्यातच. तळातला दगड न् दगड ती पायानं ओळखत होती. तिनं एकाला केसाला धरून काढलं, दुसरीला परकराला धरून काढलं आणि गावकराच्या नातवाला कानाला धरून काढलं. मग चौघंही पल्याडच्या काठाला लागली, गळत गळत शाळेत गेली.

पंतोजी धावत आले. "अरे देवा, गारठाल रे! या, आत या लवकर. जमिनीचं काय, ती पुन्हा सारवता येते." एक आत गेला. दुसरी गेली. नातू गेला. मग पंतोजींनी साळूकडे बघितलं, मग मागे गावाकडे बघितलं.

"साळू, तू... तू जरा थांब हं. तुझे पाय वाळू देत."

आणि त्यांनी खिडकी उघडली.

झोपलात का रे? नाही? बरं, ऐका मग.

मग गावकर धाकूकडे आला. "धाकू, गाठी तुझ्याच बऱ्या."

"बऱ्या होत्या, तर कापल्यात कशाला?"

"झालं ते झालं. पोरं शाळेत जायला हवीत ना?"

"माझी पण पोरच आहे, गावकर. बांधतो. पण ती साकवावरून जाईल."

"साकवानं विचारलं तर जाईल. मग आम्ही कोण अडवणार?"

मग धाकूनं तीन दिवस खपून साकव बांधला. इतका घट्ट त्यानं कधीच बांधला नव्हता. चौथ्या दिवशी साळू आली, साकवावर पाय ठेवला आणि थांबली. साकव बोलला नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "गाठी! माझ्या घराच्या गाठी!" साकव गप्प. तीनदा जीव तोडून सांगितलं, तीनदा कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यानं बोलणंच सोडलं होतं.

गावकर पुढं येऊन आडवा उभा राहिला. "विचारलं नाही बघ त्यानं. ठरलं होतं तसं. उतर खाली."

तेवढ्यात बाकीची पोरं तिच्या बाजूनं पळत गेली. साळू म्हणाली, "यांना तरी कुठं विचारलं?"

"यांना कशाला विचारायचं? यांना सगळं गाव ओळखतं."

धाकूच्या हातात कोयता होता. एक गाठ कापली असती की झालं असतं. पण साकवावर पोरं होती. त्यानं कोयता कमरेला अडकवला. साळूनं पाटी डोक्यावर धरली आणि ती पाण्यात उतरली.

त्या दिवसापासून पूल बोलत नाहीत. माणसांना कोण, कुठले, ते आता पूल विचारत नाहीत. माणसंच विचारतात.

साळू शिकली हो! सगळं शिकली, अंगणातून, खिडकीतून. पण एक झालं. तिला बसून वाचताच येईना. खाली बसली की अक्षरं हलायची, उभी राहिली की जागेवर यायची. म्हातारी झाली तरी ती उभ्यानंच वाचायची.

आणि मग सगळे सुखात राहिले. म्हणजे ज्यांची पोफळ होती, ते. नदीही राहिली, मुकीच.

संपली गोष्ट. मिटा डोळे. काय म्हणालीस गो? मीसुद्धा पेपर उभ्यानंच वाचते?

सवय आहे ती. झोप.