निरांजनापुढचं फ्रेंच

"मग माझं चुकतंय तरी कुठे, बुवा?"

वामनबुवांनी काडी ओढली आणि समोरच्या निरांजनाची वात पुन्हा पेटवली.

"वाच," ते म्हणाले.

शाल्मलीने ओळ पुन्हा वाचली. ओळ अगदी बाळबोध होती. एक माणूस दुकानात जातो आणि लहानसा पाव मागतो. त्या लहानशा पावाला फ्रेंचमध्ये म्हणतात 'प्ती पँ'. तिने पहिला 'प' उच्चारला मात्र, वीतभर अंतरावरचं निरांजन फट्‌दिशी गेलं.

बुवांनी पुन्हा काडी ओढली.

"वाच."

पुन्हा गेलं...

आता हे बुवा कोण आणि हा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. वामनबुवा तरुणपणी पाँडिचेरीला गेले, तिथे फ्रेंच शिकले आणि अर्धं आयुष्य तिथल्या मुलांना फ्रेंच शिकवण्यात घालवलं. म्हातारपणी सगळं सोडून वाईजवळ नदीकाठच्या एका लहानशा मठात येऊन राहिले. सगळं सोडलं, पण फ्रेंच काही सुटलं नाही. कोणी शिकायला आलं तर नाही म्हणत नसत. फार बोलतही नसत.

आणि शाल्मली नेरूरकर म्हणजे हुशार मुलगी. ते तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. मूळची वेंगुर्ल्याची, पण दहाव्या वर्षापासून पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढलेली. फ्रेंचच्या परीक्षेत तिला पदक मिळालं होतं. व्याकरण असं पक्कं की चूक काढायला बसलेल्याने हात टेकावेत. फाटक्या, विरलेल्या जुन्या वस्त्रांची डागडुजी करण्याची विद्या शिकायचं तिने मनात घेतलं होतं आणि त्यासाठी फ्रान्समधल्या लियॉं शहरात एका शाळेत तिला जागाही मिळत होती. पैठण्या, शेले, कशिद्याच्या जुन्या चोळ्या हातात घेतल्या की तिला तहानभूक राहत नसे. दुसरं काही करायची तिची इच्छाच नव्हती.

माशी शिंकली ती तोंडी परीक्षेत.

व्हिडिओ कॉलवर लियॉंच्या शाळेतल्या बाई होत्या. त्या प्रत्येक वाक्याला, पुन्हा सांगता का, म्हणून विचारत राहिल्या. शेवटी त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की तुमचं लेखी उत्तम आहे, पण तुम्ही काय बोलता ते मला कळत नाही. इथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागीर बायकांना इंग्रजीचा गंध नाही, त्यांच्याशी तुम्ही बोलणार कशा? महिनाअखेरीला पुन्हा बोलू. तेव्हाही असंच झालं तर जागा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल.

शाल्मलीची झोप उडाली. वाईत खोली घेऊन ती रोज बुवांकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, मला सगळं येतं, फक्त उच्चारांना थोडं पॉलिश हवंय. बुवांनी मान हलवली होती आणि आत जाऊन निरांजन आणलं होतं.

तेव्हापासून हेच चाललं होतं.

तिने नाना उपाय केले. श्वास रोखून बोलून पाहिलं, तर दोन शब्दांत दम लागला. कुजबुजून पाहिलं. ओठ आवळून पाहिले. फ्रेंच 'र' घशातून येतो म्हणून सकाळी तासभर पाणी घशात खुळखुळवत बसायची. तेच बुवांपुढे करायला गेली तेव्हा ते म्हणाले, गुळण्या घरी करून यायच्या.

वाईट तिला आणखी एका गोष्टीचं वाटायचं. दिवा तोंडाने फुंकून घालवू नये, ही तिच्या घरची लहानपणापासूनची शिकवण. आई तर दिवा विझला असंसुद्धा म्हणू द्यायची नाही, शांत झाला म्हणायला लावायची. आणि इथे ती दिवसभर मठात बसून तोंडाने दिवे घालवत होती. मनातून चरफडायची, पण करणार काय?

एके दिवशी बुवांनी आपणहून विचारलं.

"फुंकायला तुला कोणी शिकवलं?"

ती चमकली. मग तिला आठवलं, आणि आठवलं तशी ती खुलली. शाळेत वक्तृत्वाच्या बाई होत्या. त्या मुलींच्या तोंडापुढे कागदाची पट्टी धरायच्या. इंग्रजी 'प' म्हटला की पट्टी फडफडली पाहिजे. 'ट' म्हटला की फडफडली पाहिजे. ज्या मुलीची पट्टी हलणार नाही तिने मागे जाऊन उभं राहायचं. शाल्मली सुरुवातीला कायम मागे उभी असायची. मुली तिला हसायच्या. ही नाकातून बोलते, म्हणायच्या. मग तिने रात्रीचा दिवस केला, आणि पुढच्या वर्षी वक्तृत्वाचा करंडक तिनेच उचलला.

"माझ्याइतकी कोणाचीच पट्टी फडफडायची नाही," ती म्हणाली.

"आणि नाकाचं काय केलंस?"

"बंद केलं. एकदम."

बुवांनी निरांजनातली वात जरा पुढे सारली.

"चांगलं शिकलीस," ते म्हणाले.

ती स्तुती होती की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

महिनाअखेर आली. दुसऱ्या दिवशी लियॉंच्या बाईंशी बोलायचं होतं आणि शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दिवेलागणीला ती मठात आली, ओसरीवर बसली, पुस्तक उघडलं. पहिल्याच शब्दाला ज्योत गेली.

बुवांनी काडेपेटीकडे हात नेला, आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. तुम्ही मला काहीच शिकवलं नाही, ती म्हणाली. जीभ कुठे ठेवायची ते सांगितलं नाही, ओठ कसे करायचे ते सांगितलं नाही. नुसता दिवा लावत बसलात. उद्या माझी जागा गेली तर मी काय करू? मला घाबरायला होतंय, बुवा. मला हे एकच करायचंय आयुष्यात.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. दिवा लावला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

आईचा होता. आईचा फोन रोज याच वेळी यायचा, आणि रोज शाल्मली लगबगीने उठून अंगणाच्या पार टोकाला, कडुनिंबामागे जायची. वसतिगृहात असल्यापासूनची सवय. आईशी मालवणीत बोलावं लागे आणि ते कोणाच्या कानावर पडू नये, एवढंच तिला कळत असे. इथे मठात बुवांखेरीज ऐकायला चिटपाखरू नव्हतं, तरी ती जायचीच.

डोळे पुसत ती त्या दिवशीही गेली.

"खंय गेल्लंस गो? आवाज कसो येता तुजो? जेवलंस मां?" पलीकडून आई विचारत होती.

"जेवलंय गे आये. पेज जेवलंय नि पापड. पोट भरला."

बोलता बोलता तिला तोंडापुढे ऊब लागली. तिने मान वळवली. वामनबुवा निरांजन घेऊन तिच्या मागोमाग आले होते, आणि दुसऱ्या हाताने वाऱ्याला आडोसा करून त्यांनी ते तिच्या अगदी ओठांपाशी धरलं होतं.

शाल्मली शरमेने लाल झाली. चोरी पकडल्यासारखं झालं तिला. तिने तोंड फिरवलं, तसं निरांजनही फिरलं. ती दोन पावलं सरकली. म्हातारा दोन पावलं सरकला.

पलीकडे आईचं चालूच होतं. पेज कसल्या तांदळाची, पापड भाजलास का तळलास, तिकडे पाऊस पडतो का. उत्तरं द्यावीच लागत होती. बुवांचं लक्ष फोनकडे नव्हतं, तिच्याकडेही नव्हतं. ते फक्त ज्योतीकडे पाहत होते.

मग तिनेही पाहिलं.

ज्योत जागची हलत नव्हती.

"पापड..." ती हळूच म्हणाली.

ज्योत उभीच.

"पेज... पोट... परत पाठव..."

काही नाही.

"ह्यां काय गो? गप कित्याक झालंस?" आईने विचारलं.

बुवांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"आता पाव माग," ते म्हणाले.

शाळेतला तो कागद, ते मागे उभं राहणं, त्या हसणाऱ्या मुली, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. फोन कानालाच होता. आईचा श्वास ऐकू येत होता. ज्या तोंडाने तिने आत्ता पेज जेवल्याचं सांगितलं होतं, त्याच तोंडाने, काही न सावरता, ती म्हणाली,

"प्ती पँ."

ज्योत हलली नाही. फ्रेंच 'प'ही पेजेतल्या 'प'सारखाच, न फुंकता म्हणायचा होता. आणि तो शेवटचा 'पँ', ज्याच्या शेपटाला ती इतके दिवस 'न' चिकटवत होती, तो आज नाकातून सरळ निघून गेला. आईच्या 'खंय'सारखा. आईच्या 'मां'सारखा.

ती पुन्हा म्हणाली. मग पूर्ण ओळ म्हणाली. मग तो धडा अख्खा, पुस्तकाशिवाय, कडुनिंबाखाली उभ्याने, भरभर म्हणत सुटली. दुकानदार बोलला, गिऱ्हाईक बोललं, पाव मिळाला, सुटे पैसे परत आले. जीभ आपली आपण दातांशी जात होती, 'त' म्हणायला टाळूकडे धावत नव्हती. ज्योत एवढीशी थरथरायची आणि पुन्हा सरळ व्हायची. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला हलकं वाटलं. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तरी धडा म्हणतच राहिली.

फोनवर आई गोंधळून गेली होती. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची ढब गावची वाटत होती.

"गो, गावचो कोण इलो हा काय थंय?"

"नाय गे आये," शाल्मली नाक पुसत म्हणाली. "मीच आसंय."

दुसऱ्या दिवशी लियॉंच्या बाईंनी बरंच काही विचारलं. कोणतं कापड तिला सगळ्यात जास्त आवडतं, का आवडतं, कुठे पाहिलं. शाल्मलीने आईच्या लग्नातल्या शालूबद्दल सांगितलं. जरीचे काठ काळे पडलेले, घड्यांवर विरलेला, आणि तरी त्याला कोणाला हात लावू न देणारी आई. बाईंनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. पण एकदाही, पुन्हा सांगता का, असं विचारलं नाही. मध्ये एकदा त्या हसल्या, त्यांच्या आईकडेही असंच एक वस्त्र होतं म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, की कधीपर्यंत पोहोचाल, इकडे थंडी फार असते, लोकर आणा.

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून ती खोलीतल्या जमिनीवरच आडवी झाली आणि दुपार टळेपर्यंत गाढ झोपली. महिनाभरात अशी झोप तिला लागली नव्हती.

संध्याकाळी पेढे घेऊन ती मठात गेली. बुवा ओसरीवर वाती वळत बसले होते. तिने वाकून नमस्कार केला, काल जे बोलले त्याबद्दल माफ करा, म्हणाली. बुवांनी पेढा तोंडात टाकला. बरा आहे, म्हणाले. पेढा की तिचं निवडलं जाणं, ते सांगितलं नाही.

ती त्यांच्याशेजारी ओसरीवर बसली. नदीवरून वारा येत होता. उठवत नव्हतं.

"बुवा, आता तिकडे तुम्ही नसणार," ती शेवटी म्हणाली. "रोज काय करू? कसला सराव करू? कोणते धडे म्हणू? काहीतरी सांगा."

बुवांनी हातातली वात पूर्ण केली. तुपात भिजवली. निरांजनात ठेवली.

तिचा फोन वाजला. दिवेलागण झाली होती.

सवयीने ती उठली. पायरीवर पाऊल टाकलं, आणि पाठीमागून आवाज आला.

"बस. इथेच बोल."

ती थांबली...

"आणि तिकडेही," बुवा काडी ओढत म्हणाले, "आईचा फोन आला की उठून बाहेर जाऊ नकोस."