नावाच्या चौकटीतलं गाऱ्हाणं

“...मग सर, चूक माझी कशी? नावाच्या जागी त्यानं नाव लिहायला हवं होतं ना?”

तुळसकर सर नारळाची शेंडी सारखी करत बसले.

विचारणारा राऊळ हा कॉलेजातल्या संगणकाच्या वर्गातला त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि ही गोष्ट त्याला दुसऱ्या कुणी सांगावी लागत नसे. निवृत्तीनंतर सर गावी आले होते. देवळात गाऱ्हाणं घालायचा, लोकांसाठी देवाकडे मागणं मागायचा मान आता त्यांच्याकडे होता. ते मालवणीतच बोलत. राऊळ पुण्याला गेल्यापासून पुस्तकी मराठीत बोले.

छळाला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी त्याने एका संस्थेला वेबसाइट करून दिली होती. बाईने चौकटीत नाव लिहायचं, खाली लपलेल्या जागेचा पत्ता आणि तक्रार. ते लिहिलेलं घेऊन पान जागच्या जागी आपला प्रोग्राम रचायचं आणि लगेच चालवायचं. या करामतीचा राऊळला भारी अभिमान.

कुणीतरी नावाच्या चौकटीत नावाऐवजी पत्ते बाहेर पाठवायची आज्ञा लिहिली. संस्थेतल्या ताईंनी तक्रार उघडली, पानाने निमूट आज्ञा पाळली आणि सगळ्या बायकांचे पत्ते बाहेर गेले. एकीचा नवरा ती लपली होती त्या घराच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारी धावले म्हणून ती वाचली.

“आता चाळणी लावलीय,” राऊळ म्हणाला. “वाईट शब्द आला की अडतो. संध्याकाळी साइट सुरू करतोय. तुम्ही फक्त बरोबर आहे म्हणा.”

“दमलंस?”

“खूप, सर...”

“चल. तुझ्यासाठी गाऱ्हाणां घालतंय.”

देवळात दुसरं कुणी नव्हतं. सरांनी नारळ देवापुढे ठेवला. राऊळ डोळे मिटून, हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाण्यातल्या प्रत्येक मागण्याला होकार भरायचा, हे त्याच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

“बा देवा म्हाराजा, ह्यो झील दमान तुझ्या पायाकडे इलो हा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्येच्या आवशी-बापाशीक सुखात ठेव, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्येच्या दोनय हातांका आता कायमचो इसावो दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

...

राऊळने डोळे उघडले. आधी सरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“सर... हे काय मागितलंत? हातांना कायमचा विसावा म्हणजे हात लुळेच की!”

“मागलंय मी. व्हय तू म्हटलंस. ह्यात वाईट शब्द खंयचो, ता सांग.”

राऊळने मागणं मनात शब्दाशब्दाने चाळलं; सगळे शब्द चांगलेच होते. सरांनी पुन्हा हात जोडले, शेवटचं मागणं मागे घेतलं आणि थकल्यासारखे खांबाला टेकले.

राऊळने तिथूनच ताईंना फोन लावला. साइट आज सुरू होणार नाही, बायकांशी तुम्हीच बोला, म्हणाला. मग पायरीवर बसून राहिला. त्या दिवशी सरांना तो पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखा दिसला, आणि त्याची कीवही आली.

“पण सर, उद्या बायका लिहिणारच. त्यांच्यात आज्ञा घालणारा एखादाही लिहिणार. मग पानानं करायचं काय?”

सर त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

“आयकूचां सगळ्यांचां. व्हय म्हणूचां कोणाकच नाय.”