फ्रिजमधली कोंबडी

एके काळी, म्हणजे चक्रीवादळाच्या आधी, गावात वीज माझ्यासाठीच येते अशी माझी समजूत होती. मी शेवंताकाकूंचा फ्रिज.

वादळात कौलं उडाली, वीज गेली. तिसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यातली नासलेली मासळी फेकली, मला पुसलं आणि दार उघडं ठेवलं. घरात कोरडी जागा तेवढीच होती. खुराडं मोडलेली कोंबडी आत शिरून अंडी उबवायला बसली.

"हे मला शोभत नाही," मी म्हणालो.

"गप उभा राहा आणि वारा अडव," ती म्हणाली.

मी उभा राहिलो. दुसरं मला येत तरी काय होतं?

विसाव्या दिवशी वीज आली. काकू आत डोकावल्या. "राहू दे अजून चार दिवस," म्हणाल्या.

आजवर मी अंडी नुसती गारठवली. पण मिक्सरला सांगतो, ही पिल्लं मीच उबवली.